पिवळ्या दोऱ्याची गादी

इमादनं सवयीनं तळहात ठेवला आणि हाताला गाठ लागली.

तसं त्याला त्या गादीला हात लावायचं काही कारण नव्हतं. अमरावतीत बडनेरा रस्त्यावर त्याचं गाद्यांचं तीन मजली दुकान होतं आणि दिवाळीच्या तोंडावर ‘जुनी द्या, नवी न्या’ ही योजना दरवर्षीप्रमाणे सुरू होती. लोक ऑटोत कोंबून घरातल्या कापसाच्या गाद्या आणायचे, दुकानाच्या दारात टाकायचे आणि वर जाऊन फोमच्या गाद्यांवर बसून, उठून, पुन्हा बसून पाहायचे. जुन्या गाद्यांचं पुढं काय होतं हे कोणी विचारत नसे. योगेश, त्याचा मॅनेजर, त्या टेम्पोत भरून नांदगाव पेठेच्या गोदामात पाठवायचा. मालकानं दारातल्या त्या ढिगाकडं बघायचंही कारण नव्हतं. पण हाताची खोड जात नाही. आत येता-जाता इमादचा हात खाली जायचा, वरच्या गादीवर सपाट पडायचा, किंचित दाबायचा आणि मागं यायचा. योगेशला वाटायचं, साहेब ढीग नीट लागलाय का ते पाहतात.

आजची गादी ढिगावर नव्हती. ती एकटीच दाराशी गुंडाळून ठेवली होती आणि तिच्या शेजारी खुर्चीवर दुर्गाबाई नावाची एक म्हातारी बसली होती. गुडघ्यांमुळं तिला जिना चढता येत नव्हता, म्हणून सून, प्राजक्ता तिचं नाव, एकटीच वर गेली होती आणि वरूनच, “आई, मऊ घेऊ की कडक?” असं विचारत होती. म्हातारीचं तिकडं लक्ष नव्हतं. ती इमादच्या हाताकडं पाहत होती.

“लागली ना?” ती म्हणाली.

“काय?”

“गाठ. तुमच्या तोंडावरूनच समजलं मले. मधातच हाय. डाव्या कुशीवर झोपलं का बरोब्बर खांद्याखाली येते.”

“मग इतके दिवस ठेवली कशी?”

“सवय झाली, बाप्पा. त्या गादीवरच माह्ये दोन बायतपनं झाले. नवरा तिच्यावरच गेला. आता सून म्हनते, आई, तुमची पाठ दुखते, फेका थे. पाठ का गादीनं दुखते काय? पाठ वयानं दुखते.” दुर्गाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. “आमी तवा अकोल्याले होतो, मोर्णेच्या काठी. तिथं हसनभाई पिंजारी होता. इमानदार मानूस. गादी देतानाच म्हने का, बाई, हे माह्या लहान्या पोराच्या हातची हाय, हिच्यात गाठ निघन. आज नाही समजनार, कापूस बसला का मंग वर येईन. तवा आनजा, फुकट पिंजून देईन.”

“मग आणली नाही?”

“गाठ वर आली तवर हसनभाई खाली गेला होता,” ती म्हणाली आणि हातानं जमीन दाखवली.

इमाद वाकला. गादीची खोळ निळ्या पट्ट्यांची होती, पट्टे आता जवळजवळ दिसेनासे झाले होते. पण चारही कोपऱ्यांवरचे टाके शाबूत होते आणि ते पिवळ्या दोऱ्याचे होते. अब्बा, म्हणजे हाच हसनभाई, नेहमी पांढरा दोरा घालायचे, मोठा भाऊ शाकीबभाईही पांढराच. साऱ्या अकोल्यात पिवळ्या दोऱ्याची अशी एकच गादी होती. तिला दुरूनही ओळखता यावं म्हणूनच तो दोरा घातला होता, पंधराव्या वर्षी, स्वतःच्या हातानं. दुर्गाबाई बोलत होत्या, प्राजक्ता वरून कडक गादीचं नाव घेत होती, योगेश पावती करत होता. इमादनं तळहात पुन्हा त्याच जागी ठेवला. गाठ तिथंच होती, लिंबाएवढी, घट्ट.

आता ही गादी म्हणजे काय, हे इमादच्या दुकानात चहा पोचवणाऱ्यालाही पाठ होतं, फक्त ती कधी समोर येईल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. इमादच्या सगळ्या भाषणांची सुरुवात तिच्यापासून व्हायची. अकोल्याच्या जुन्या शहरात अब्बांचं पिंजायचं ठिकाण, पत्र्याची एक खोली आणि पुढं लिंबाचं झाड. घरातली बोली अशी, की उर्दूत सुरू झालेलं वाक्य वऱ्हाडीत संपायचं. शाकीबभाई आठ वर्षांनी मोठा, अब्बांच्या शेजारी बसून पिंजायचा. छताला टांगलेली ती धनुष्यासारखी लांब धुनकी, तिची ताणलेली तात, तातीवर लाकडी मुठीचा ठोका, आणि ठोक्यासरशी कापसाचा थर उसळून मोकळा होऊन पलीकडं पडायचा. इमादला जवळ यायची मनाई नव्हती, पण बोलावणंही नव्हतं. तो खोळ शिवायचा, सरकी वेचायचा, पाणी भरायचा. आणि एक दिवस अब्बांना बरं नव्हतं, शाकीबभाई अचलपूरला माल पोचवायला गेला होता, तेव्हा अब्बा बाजेवरून म्हणाले, “बस आज तू.” तो बसला. दुपार होईपर्यंत खांदा सोलून निघाला. कापूस पिंजला, खोळीत भरला, टाके घातले, काठीनं झोडून सारखी केली. गादी अशी टम्म फुगली, जशी कढईत पुरी. त्यानं अब्बांना हाक मारली. अब्बा बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. ते उठले नाहीत. वळलेही नाहीत. गादीला हात लावणं तर दूरच. भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाले, “तुले नाही जमनार. उद्यापासून बसू नको.”

एवढंच. त्याच आठवड्यात त्यांनी त्याला अमरावतीला मामूच्या कापडदुकानात धाडलं. तिथून कापडाचे ठाण उचलता उचलता, मग विकता विकता, मग स्वतःचं छोटं दुकान, मग मोठं, मग हे तीन मजले. आणि या सगळ्याच्या बुडाशी ते एक वाक्य. न बघता दिलेला निकाल. इमादनं तो अन्याय उराशी असा जपला, जसा लोक पुरलेला हंडा जपतात. धंद्यात खोट आली, कोणी फसवलं, नगमाशी लग्न झालं तेव्हा खोलीचं भाडं थकलं, दर वेळी तो मनात म्हणायचा, गादी उत्तम होती, त्यांनी पाहिलीच नाही. त्या एका ‘पाहिलीच नाही’वर तो उठायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. दुकानाच्या पाटीवर नावाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आम्हाला जमतं. शाळांच्या स्नेहसंमेलनांत, तरुण उद्योजकांच्या शिबिरांत तो ही गोष्ट सांगायचा आणि सांगता सांगता अब्बा दर वेळी थोडे अधिक कठोर होत जायचे. एकदा तर बोलण्याच्या भरात त्यानं अब्बांना गादीला लाथ मारायला लावली होती. टाळ्या खूप पडल्या. घरी येऊन त्याला दोन घास गेले नव्हते, पण पुढच्या खेपेला लाथ काही त्यानं काढली नाही. माणसाला टाळ्यांची चटक लागली की बापही सुटत नाही. आणि आता रविवारी संध्याकाळी व्यापारी मंडळाचा सत्कार होता. ‘यशाचा अर्थ’ या विषयावर सत्कारमूर्तींनी बोलायचं होतं. यशाचा अर्थ इमादला पक्का ठाऊक होता: ज्यानं नाकारलं त्याला खोटं पाडणं.

“साहेब, ही पण गोदामात टाकू?” योगेशनं विचारलं.

“नको. माझ्या गाडीत ठेव.”

योगेश पाहतच राहिला. निळ्या खोळीची ती कळकट गादी साहेबांच्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवताना त्यानं खाली आधी वर्तमानपत्र पसरलं.

घरी नगमानं गादी बघितली आणि काहीच विचारलं नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात तिला एवढं समजलं होतं, की हा माणूस गप्प असला की खरा असतो. तिनं चहा ठेवला. इमाद सोफ्यावर बसला आणि भाषणाचे कागद मांडीवर घेतले, पण डोळे अक्षरांवरून घसरत होते. त्याला आठवत होतं की त्या दिवसानंतर त्यानं धुनकीला कधीच हात लावला नव्हता. कधीतरी लावून बघता आला असता. अकोल्याला जायचा तेव्हा शाकीबभाई तिथंच बसलेला असायचा, बस म्हटलं असतं तर सरकून जागा दिली असती. पण इमाद दाराशीच उभा राहून बोलायचा आणि निघायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत ‘मला जमत होतं’ हे एक वाक्य होतं आणि ते बाहेर काढून बघायची त्याला कधी गरज पडली नाही, कारण त्याच्या जोरावर तर सगळं उभं होतं. आणि आज एक म्हातारी गुडघे चोळत बसली काय आणि मूठ उघडली काय. अब्बांना गाठ ठाऊक होती. हात न लावता ठाऊक होती. त्यांनी ती लपवलीही नाही, गिऱ्हाइकाला सांगून दिली. सांगितली नाही ती फक्त त्याला.

“अब्बा बरोबर होते,” तो नगमाला म्हणाला.

“कशात?”

“गादीत. गाठ आहे तिच्यात.”

नगमा हसली. “असंना का. तुम्हाले जमनार नाही म्हने, तुम्ही तं एवढं करून दाखवलं. खोटं ठरलंच ना त्यांचं?”

“नाही ना. ते गादीबद्दल बोलले होते. बाकीचं सगळं मीच ऐकलं.”

हे बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच भय वाटलं. चोपन्न वर्षांचा माणूस, दोन मुली शिकून मार्गाला लागलेल्या, बाजारात शब्दाला वजन. आणि आतून कोणीतरी विचारत होतं, की मग तू कोण? जो अन्यायाविरुद्ध उभा राहिला तो मुलगा तर कधी नव्हताच. एक मुलगा होता, त्याच्याकडून गादी बिघडली आणि बापानं सांगितलं, बिघडली. एवढ्याशा गोष्टीवर कोणी तीन मजले चढवतं का? त्याला वाटलं, आपण आयुष्यभर एका खटल्यात जिंकत आलो आणि आता कळतंय की समोरच्यानं कधी खटला भरलाच नव्हता.

रविवारी सकाळी तो गादी घेऊन अकोल्याला निघाला. सत्काराच्या वेळेपर्यंत परत येतो, असं नगमाला सांगितलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती, काळ्या रानात पांढरे ठिपके, वेचणीच्या बाया कमरेला ओटी बांधून ओळीत चाललेल्या. मूर्तिजापूर येईपर्यंत तो नुसता गाडी चालवत होता. मूर्तिजापूर मागं पडलं आणि त्याच्या मनात एक विचार असा अलगद येऊन बसला, जणू बोलावलाच होता. अब्बांनी ते मुद्दाम म्हटलं असेल तर? त्यांचा खोकला तेव्हा सुरू झालाच होता. पुढं तो कधी थांबला नाही, आणि वर्षा-दोन वर्षांत ते गेले. कापसाची ती बारीक धूळ, डोळ्यांना न दिसणारी, श्वासाबरोबर आत जाऊन बसणारी. त्यांना कळलं असेल. एक पोरगा तरी वाचावा म्हणून त्यांनी मनावर दगड ठेवला असेल आणि भिंतीकडं तोंड केलं असेल, कारण डोळ्यांत पाणी होतं. हो, म्हणूनच वळले नाहीत! किती सुंदर बसत होतं सगळं. ही गोष्ट पहिल्या गोष्टीपेक्षाही चांगली होती. संध्याकाळी सभागृहात सांगितली तर बाया पदर डोळ्यांना लावतील. माणूस मोठा चिवट. हातातली एक काठी मोडली, की दुसरी मिळेपर्यंत तो मोडलेलीच धरून चालतो. बोरगाव मंजू येईतो इमादनं नवी काठी छान तासून ठेवली होती. आता फक्त शाकीबभाईनं हो म्हणायचं बाकी होतं.

जुन्या शहरातली ती पत्र्याची खोली आता सिमेंटची झाली होती, मागं अजून एक खोली निघाली होती. लिंब होता. आत शाकीब तख्तावर बसला होता, पुढं झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. आता तो असाच बसायचा आणि असाच झोपायचा. नाकात नळी, नळीच्या टोकाला कोपऱ्यात ते प्राणवायूचं यंत्र, सारखं घरघरणारं. इमादनं गेल्या वर्षी पाठवलेली भारी गादी भिंतीला उभी होती, तिच्यावरचा प्लास्टिकचा कागदही काढला नव्हता. गुलनारभाभीनं त्याची नजर पाहिली आणि ओशाळून म्हणाली, “त्यांले नाही सोसत ते. म्हनते, पान्यावर झोपल्यावानी वाटते.” इमाद गाडीकडं गेला. त्यानं गादी आणून तख्तावर पसरली.

शाकीबनं आधी तळहात ठेवला. सपाट. किंचित दाबला. हात मधोमध आला आणि थांबला. मग त्याची नजर कोपऱ्यावर गेली.

“पिवळा धागा,” तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याच्या गळ्याखालचा खळगा आत ओढला गेला. “हे कुठून आनली रे?”

इमादनं सांगितलं. दुर्गाबाई, त्यांची सून, गाठ, अब्बांनी दिलेला शब्द. शाकीब मान हलवत ऐकत होता. मग इमादनं, गाडीत तासलेलं ते, सरळ विचारून टाकलं. “भाई, अब्बांनी मुद्दाम म्हटलं ना? मला या धुळीतून काढायचं म्हणून? खरं सांग.”

शाकीबला बोलायला आधी श्वास गोळा करावा लागायचा. इमाद थांबला. यंत्र घरघरत होतं. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“नाही,” शाकीब म्हणाला.

“नाही कसं?”

“तुले खरंच जमत नव्हतं.”

“पण त्यांनी पाहिलं कुठं? वळलेसुद्धा नाहीत!” हे वाक्य इतक्या वर्षांचं होतं, की ते पंधरा वर्षांच्या मुलाच्याच आवाजात बाहेर आलं.

“पाहायचं काय त्यात? ऐकू येत होतं ना.” शाकीबनं दोन श्वास घेतले. “तुही तात वरच्यावर बोलत होती. खालचा कापूस जिथल्या तिथं. मी अचलपूरहून येऊन राहिलो होतो, गल्लीच्या तोंडाशी होतो, मलेही समजलं. म्हनलं, आज इमाद बसला, अन् गाठ सोडून राहिला.” तो पुन्हा हसला. “वरून फुगीर दिसते. कापूस बसला का मंग मालूम पडते.”

“मग मला सांगितलं का नाही? गाठ आहे म्हणून?”

“सांगून काय झालं असतं? कानाले समजत नाही त्याले सांगून नाही समजत. अब्बांचं बोलनंच किती होतं? दिवसभर धुनकीचा आवाज. बोलनार कधी?”

इमादनं कोपऱ्यावरच्या पिवळ्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग हळूच, जवळजवळ विनवल्यासारखं म्हणाला, “पण धुळीचं त्यांना ठाऊक असेल, भाई. स्वतः खोकत होते.”

शाकीबनं मान वर केली. त्याच्या नजरेत राग नव्हता, पण जे होतं ते इमादला झेपेना. “धुळीचं कोनाले मालूम होतं तवा? हवा लागली म्हनायचे, बिडीनं होते म्हनायचे. त्यांले मालूम असतं,” तो थांबला, श्वास घेतला, “तं मले बसवलं असतं काय?”

भाभी दारातून आत निघून गेली. इमादला कुठं बघावं कळेना. गाडीत त्यानं एवढी सुंदर गोष्ट रचली, तिच्यात शाकीबभाई कुठं होता? बापानं एक पोरगा वाचवला, म्हणजे दुसरा जाणूनबुजून मारला, एवढा साधा हिशेब त्याच्या मनाला शिवला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली, अशी की कानशिलं तापली. कोणी त्याला नाकारलं नव्हतं आणि कोणी वाचवलंही नव्हतं. तो नापास झाला होता, म्हणून इथून गेला, आणि इथून गेला म्हणून त्याचा श्वास आज नाकानं, आपोआप, न मोजता चालला होता. जो पास झाला तो समोर बसला होता.

“भाई…” इमाद म्हणाला.

“लय बरं झालं,” शाकीब म्हणाला. “तुले नाही जमलं ते. म्या अल्लाचे शुक्र मानले, रोज मानले. गुलनारले विचार. तू दुकान केलं, चांगलं केलं. मी लोकायले सांगतो, माह्या भावाचं हाय. पन गादी नाही जमली तुले. दोनी गोष्टी खऱ्या हायेत.” मग तो किंचित ताठ झाला, जितकं होता आलं तितकं. “अन् मले जमत होतं. अब्बा गेल्यावर या अकोल्यात माह्यासारखा ठोका होता काय कोनाचा? सांग. खोली भरून जायची कापसानं. हात घालून पाहाय म्हना, एक कवडी, एक गाठ सापडनार नाही. मशिना आल्या तवाही जुने लोक माह्याकडेच यायचे. जमत होतं मले.”

त्या आवाजात कीव करण्याजोगं काही नव्हतं. इमादनं कितीतरी सत्कार पाहिले होते, शालीखालून बोलणारी कितीतरी माणसं ऐकली होती, स्वतः तर कितीदा. पण इतक्या स्वच्छ मनानं ‘मला जमत होतं’ म्हणताना त्यानं कोणाला ऐकलं नव्हतं. जे जमलं त्यानंच या माणसाची छाती खाल्ली होती. जितकं चांगलं पिंजावं तितकी धूळ उडते. आणि तरी तो ते वाक्य परत करायला तयार नव्हता. इमादला रडू आलं आणि त्यानं ते आवरलं नाही.

“रडतो काहून? उसव थे गादी.”

“काय?”

“अब्बांनी जबान दिली त्या बाईले. फुकट पिंजून देईन म्हनले. मंग? कोन पिंजनार?”

“मला येतं का, भाई? आत्ताच म्हणालास ना तू…”

“तं शिक. मी बसतो आतमंदी, दार लावून. मले धूळ नाही चालत. ऐकू तं येते मले.” त्यानं बोट केलं. कोपऱ्यात, छताच्या कडीला, धुनकी होती. कापडात गुंडाळलेली, पण तात ताणलेली. शाकीब आजारी पडल्यापासून ती कोणी वाजवली नसेल, पण ढिली पडू दिली नव्हती. “आधी तोंडाले बांध. गुलनार, दुपट्टा ओला करून दे त्याले.”

भाभीनं आणि इमादनं मिळून शाकीबला धरून मागच्या खोलीत नेलं, यंत्र ओढत नेलं. दार बंद झालं, भाभीनं दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबलं. इमाद समोरच्या खोलीत एकटा राहिला. ओल्या दुपट्ट्यातून श्वास घेताना त्याला ओळखीचा वास आला, ओल्या सुताचा. लहानपणी तो सरकी वेचायला बसला की शिंकत सुटायचा, म्हणून शाकीबभाई असाच ओला कपडा त्याच्या तोंडाला बांधायचा. स्वतःच्या नाही बांधायचा, म्हणायचा, जीव गुदमरतो, ठोका चुकतो. हे इमाद साफ विसरला होता. कुठल्याही भाषणात ते आलं नव्हतं.

त्यानं पिवळे टाके कापले. कापूस पिवळट, बसलेला, घरातल्या माणसांच्या वासाचा. हात आत घालून त्यानं मधली गाठ काढली. तिच्या पोटात दोन सरक्या होत्या, काळ्या, टणक. त्या त्यानं बाजूला ठेवल्या आणि कापूस जमिनीवर पसरला. कोटाच्या खिशात फोन वाजला. सत्काराचे लोक असणार, निघालात का विचारायला. तोंड बांधलेलं होतं. त्यानं कोट काढला, खुंटीला लावला, आणि फोन खुंटीवर वाजत राहिला.

तो खाली बसला. धुनकीवरचं कापड सोडून ती डाव्या हातात धरली, खांदा पुढं काढला, लाकडी मूठ उचलली आणि तातीवर मारली. आवाज निघाला. त्याच्या हातून चाळीस वर्षांनी निघालेला तो आवाज त्याला बरा वाटला, चांगलाच वाटला. कापूस थोडा हलला. त्यानं दाराकडं पाहिलं. तिथं बंद फळ्या होत्या, त्यांच्यामागं यंत्राची घरघर. त्यानं पुन्हा मारलं, जरा जोरात.

“नाही,” आतून आवाज आला. “वरच्यावर मारून राहिला. खाली जाऊ दे.”

त्यानं तात खाली नेली, कापसात बुडवली आणि मारली. फोन वाजून वाजून थांबला होता आणि पुन्हा सुरू झाला होता. घाम डोळ्यांत उतरत होता, दुपट्टा तोंडावर चिकटत होता, आणि आत, फळ्यांपलीकडं, एक माणूस पुढचं वाक्य बोलण्यासाठी श्वास जमवत होता, हे इमादला न बघता समजत होतं. तो थांबला, मूठ हातात धरून, पंधराव्या वर्षी थांबला होता तसाच.

“नाही जमत,” शाकीब म्हणाला. आणि मग, बऱ्याच वेळानं, “पुन्हा मार.”